गोव्याहून छत्रूला बोल्डरिंग: आधी रजेचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा. फोंड्याचे तिघे मित्र. एकाने दोन हिवाळे हंपीला बोल्डरिंग, म्हणजे दोराशिवाय मोठ्या धोंड्यांवरची चढाई, केलंय. बाकीचे दोघे सत्तरीचे डोंगर आणि चोर्ला घाट पालथे घातलेले ट्रेकर, पण क्लायंबिंग शूज अजून पायात चढवलेले नाहीत. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आटोपली की दहा दिवसांची रजा मिळणार आहे. हिमाचलात, लाहौलच्या चंद्रा नदीच्या खोऱ्यात छत्रू आहे, तिथे बोल्डरिंगला जायचं आणि जमलं तर पुढचं चंद्रताल सरोवर नि स्पितीतलं काझाही करून यायचं असा बेत आहे. दिवस कसे वाटावेत, पडताना खाली अंथरायच्या फोमच्या पॅडचं काय करावं आणि नवख्या दोघांना हे झेपेल का, असं तुम्ही विचारलंय.

झेपेल. पण चंद्रताल आणि काझा यादीतून आजच खोडून टाका.

का, ते कागदावर मागून मोजलं की कळेल. दहावा दिवस गोव्याला परतण्याचा. नववा मनालीहून चंदीगडला उतरण्याचा. आठवा छत्रूहून मनालीला येण्याचा. त्या रस्त्यावर ‘दुपारी निघू आणि रात्रीची व्होल्वो पकडू’ असले बेत करायचे नसतात. आता पुढून मोजा. पहिला दिवस गोवा ते चंदीगड आणि रात्रीची बस. दुसरा मनालीत जेवून झोपण्याचा. तिसरा आणि चौथा मनालीच्या वरच्या सेथन गावात, उंचीची सवय व्हावी म्हणून. पाचवा छत्रूला पोचण्याचा. उरले सहावा आणि सातवा. दहा दिवसांची रजा, हजारो रुपयांचा खर्च, आणि छत्रूच्या धोंड्यांवर हात लावायला दोन दिवस. त्यातला एक पावसाने किंवा बंद रस्त्याने खाल्ला तर एक. आता यात चंद्रताल कुठे बसवणार ते सांगा.

म्हणून पहिला सल्ला असा की साहेबांकडे अजून दोन दिवस मागा. बारा दिवस झाले की छत्रूला चढाईचे तीन आणि विश्रांतीचा एक असे चार दिवस मिळतात, आणि गरज पडली तर त्यातलाच एक राखीव म्हणून वापरता येतो. दोन दिवस मिळणारच नसतील तर काय करायचं ते शेवटी सांगतो, कारण तोही बेत वाईट नाही.

आता तारखा. मनालीहून ग्राम्फू, छत्रू, बातलमार्गे काझाला जाणारा रस्ता साधारण जूनमध्ये उघडतो आणि ऑक्टोबरात बर्फ पडू लागला की बंद होतो. लाहौल पीर पंजाल रांगेच्या पलीकडे, पर्जन्यछायेत आहे. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्येही छत्रूचा दगड बऱ्याचदा कोरडा सापडतो. घोळ होतो तो अलीकडे, कुलू-मनालीच्या बाजूला. तिथे पावसाळ्यात दरडी कोसळतात, बियास नदी रस्ता खाते. जुलै २०२३ च्या पुरात काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. पाऊस ओसरल्यावरचा सप्टेंबर हाच खरा हंगाम. हवा कोरडी, थंडी सोसण्याजोगी आणि दगडावर बोटांची पकड उत्तम.

आपली अडचण चवथीची. गोव्यातला माणूस चवथीआधी घर सोडत नाही आणि सोडूही नये, पण चवथ दरवर्षी सरकते. ऑगस्टच्या शेवटी आली तर सोन्याहून पिवळं. सप्टेंबरच्या मध्यावर आली की गणित घट्ट होतं. २०१८ साली ती १३ सप्टेंबरला होती, आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेपासून लाहौलमध्ये हंगामाआधीच जोरदार बर्फ पडला. छत्रू, बातल, चंद्रताल या पट्ट्यात शेकडो लोक अडकले, हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी कित्येकांना बाहेर काढलं. २०२६ ची चवथ १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे जवळजवळ तेच वेळापत्रक. असं दरवर्षी होत नाही, म्हणून घाबरून बेत रद्द करू नका. पण घरचा गणपती दीड दिवसाचा असेल तर विसर्जनानंतर आठवडाभर नातेवाइकांकडे फिरत बसू नका, लगेच निघा. सप्टेंबरच्या अखेरीस तुम्ही छत्रूहून खाली उतरलेले असलात की झालं.

जाण्याचा मार्ग. मडगावहून सुटणारी गोवा संपर्क क्रांती थेट चंदीगडला जाते, पण आठवड्यातले मोजकेच दिवस, आणि गाडीत दीड दिवस मोडतो. त्यात कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरपर्यंत चालू असतं, तेव्हा गाड्या सावकाश धावतात आणि सुटण्याच्या वेळाही वेगळ्या असतात. पंधरा दिवस हाताशी असतील तर रेल्वेनेच जा, मजा असते. बारा दिवसांत दोन्हीकडून विमान बरं. दाबोळी किंवा मोपाहून चंदीगड, नाहीतर दिल्ली. चंदीगडहून मनालीची रात्रीची बस पकडताना पुढच्या बाजूची सीट मागा, मंडीच्या पुढे वळणं सुरू झाली की मागे बसलेल्यांची आतडी हलतात.

मनालीहून छत्रूला आता रोहतांग खिंड ओलांडावी लागत नाही. ऑक्टोबर २०२० पासून नऊ किलोमीटरचा अटल बोगदा चालू आहे. पलीकडे निघून कोकसरमार्गे ग्राम्फू गाठायचं, तिथून काझाच्या रस्त्याने छत्रू १७ किलोमीटर. बोगद्याच्या वाटेने जायला आपल्याला परमिट लागत नाही. रोहतांगवरून जायचा हट्ट असेल तर खासगी गाडीला लागतं. ग्राम्फूपर्यंत रस्ता गुळगुळीत आहे, पुढे तो रस्ता कमी आणि नदीकाठचे दगड जास्त. मध्ये नाले आडवे येतात. वरचं बर्फ दिवसा वितळतं, म्हणून सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी तीनला गाडीच्या दारापर्यंत चढलेलं असतं. मनालीहून पहाटे निघायचं ते याचसाठी. हंगामात हिमाचल परिवहनची काझाची बसही या वाटेने जाते, पण सामान आणि पॅड घेऊन तिघांनी टॅक्सी करणं सोयीचं. स्वतःची गाडी नेत असाल तर टाकी मनालीत भरून घ्या, त्या रस्त्यावर थेट काझापर्यंत पंप नाही.

उंचीबद्दल थोडं सविस्तर, कारण समुद्रकाठचे लोक तिला हसण्यावारी नेतात. छत्रू साधारण ३,३०० मीटरवर आहे. तिथे प्रत्येक श्वासाला मिळणारा प्राणवायू फोंड्याच्या दोन-तृतीयांश असतो. बोल्डरिंगला दम लागत नाही, चार-पाच हालचालींचा तर खेळ, असं हंपीवाल्यांना वाटतं. खरी गंमत दोन प्रयत्नांच्या मध्ये कळते. हंपीत पाच मिनिटं बसलं की हात परत ताजे होतात. छत्रूत पंधरा मिनिटं बसूनही पुढच्या खेपेला तिसऱ्याच होल्डवर (पकडीच्या जागेवर) बोटं उघडतात. पहिल्या दिवशी आपली ग्रेड, म्हणजे चढाईच्या कठीणपणाचा आकडा, दोन पायऱ्या खाली आली असं समजूनच चढायचं. व्ही-४ करणाऱ्याने व्ही-२ मध्ये सुख मानावं.

आणि हे झालं नुसतं चढाईचं. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं, भूक मरणं ही विरळ हवेच्या त्रासाची लक्षणं आहेत. ती दिसली तर आणखी वर जायचं नाही, आहे तिथे थांबायचं. वाढत गेली तर खाली उतरायचं. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला सुटत नसेल किंवा माणूस सरळ रेषेत चालू शकत नसेल, तर सकाळची वाट न बघता खाली न्यायचं. गोळ्या घ्याव्यात का हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरला विचारा, सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. पहिल्या दोन रात्री दारू बंद. गोव्याच्या माणसाला हे सांगणं जड जातं, पण बंद म्हणजे बंद. बिअरसुद्धा.

म्हणूनच मध्ये सेथन. मनालीजवळच्या प्रीणीहून वळणावळणाचा रस्ता वर चढतो आणि सुमारे २,७०० मीटरवर हे छोटं गाव लागतं. मनाली साधारण २,०५०, सेथन २,७००, छत्रू ३,३००. तीन पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर रात्र. गावाभोवती आणि वरच्या कुरणांत पुष्कळ बोल्डर आहेत, होमस्टे आहेत, संध्याकाळी खाली सगळं कुलूचं खोरं दिसतं. सेथनला नुसता थांबा समजू नका. तुमच्यातल्या दोघांची शाळा इथेच भरायची आहे.

एक मोह आधीच सांगून ठेवतो. सेथनच्या वरूनच हामटा खिंडीचा ट्रेक जातो आणि तो उतरतो थेट छत्रूला. तुमच्या दोघा ट्रेकर मित्रांना वाटेल, टॅक्सीपेक्षा चालतच जाऊया. खिंड ४,२७० मीटर उंच आहे. ट्रेक सुंदर आहे, त्यासाठी वेगळी सुट्टी काढा. खिंड उतरून आलेल्या पायांनी आणि खांद्यांनी दुसऱ्या दिवशी कोणी नीट बोल्डरिंग करत नाही, आणि पॅड कोण नेणार हा प्रश्न उरतोच.

शाळेत पहिला धडा चढायचा नाही, पडायचा. हे मी गमतीने म्हणत नाही. बोल्डरिंगमध्ये दोर नसतो, त्यामुळे प्रत्येक पडणं जमिनीपर्यंतचं. आधी अर्ध्या मीटरवरून पॅडवर उडी मारायची. दोन्ही पाय एकदम टेकवायचे, गुडघे सैल, आणि लगेच मागे लोळायचं. हात मागे टेकवायचे नाहीत, मनगट तिथेच जातं. छातीशी हात घ्यायची सवय लागेपर्यंत तेच करत राहा, मग एक मीटरवरून. नवख्याला हे पोरकट वाटतं. वाटू द्या. ट्रेकरांना तर वेगळीच खोड असते, पडताना त्यांचे डोळे वर होल्डकडे असतात. खाली बघायला शिकवावं लागतं.

दुसरा धडा स्पॉटिंगचा. खाली उभा असलेला माणूस चढणाऱ्याला झेलत नाही. साठ-सत्तर किलोचा माणूस दोन मीटरवरून कोण झेलणार? तो फक्त पडणाऱ्याची दिशा वळवतो. पाय पॅडकडे आणि डोकं दगडापासून दूर, एवढंच काम. हात वर, कोपर किंचित वाकलेले, अंगठे बोटांना चिकटलेले. अंगठा बाहेर राहिला तर पडणाऱ्याच्या पाठीत अडकून मोडतो. नजर चढणाऱ्याच्या कंबरेवर ठेवायची, हातांवर नाही. तो वर काय पकडतोय हे बघण्यात स्पॉटर रमला की त्याचा काही उपयोग राहत नाही. मोबाईलवर व्हिडिओ काढणारा आणि स्पॉट करणारा एकच माणूस असू नये, हा नियम तिघांत घालून घ्या.

तिसरा धडा पॅड मांडण्याचा. दोन पॅडमध्ये चार बोटांची फट राहिली की घोटा नेमका तिथेच जातो. त्या फटीवर पातळ पॅड किंवा जाड कार्पेटचा तुकडा टाकायचा. चढणारा जसा आडवा सरकेल तसे पॅडही सरकवायचे, त्यासाठी एकजण मोकळा हवा. तिघांचा गट म्हणूनच सोयीचा: एक वर, एक हात वर करून, एक पॅडवाला. आणि चढायला सुरुवात करण्याआधी धोंड्याच्या मागच्या बाजूने उतरायची वाट बघून या. माथ्यावर पोचल्यावर उतरता येत नाही म्हणून वर बसून राहिलेले लोक मी बरेच पाहिलेत, आणि खालच्या मित्रांचं हसणं काही केल्या थांबत नाही.

आता छत्रू. तिथे गाव म्हणावं असं काही नाही. हंगामात चालणारे दोन-चार ढाबे, सार्वजनिक बांधकाम खात्याचं विश्रामगृह, पूल, आणि दोन्ही बाजूंनी अंगावर येणारे डोंगर. मधून राखाडी, गढूळ चंद्रा नदी. हीच पुढे तांदीला भागा नदीला मिळते आणि चंद्रभागा होते. पंढरपूरची नव्हे, चिनाब म्हणतात ती. नदीकाठच्या सपाटीवर आणि उतारावर दरडींनी आणि जुन्या हिमनदीने आणून टाकलेले धोंडे विखुरलेत. कंबरेएवढ्यापासून दुमजली घराएवढे. नवख्यांना सरळ चढता येईल असे सोपे उतरते स्लॅबही भरपूर आहेत, आणि जगभरचे तगडे क्लायंबर ज्यांवर आठवडे घालवतात असे आडवे, डोक्यावर झुकलेले ओव्हरहँगही.

नवीन धोंड्यावर चढण्याआधी त्याला खांद्याने ढकलून बघा. हंपीचे ग्रॅनाइटचे धोंडे युगानुयुगं एका जागी बसलेत. इथले अनेक धोंडे हल्ली-हल्ली, म्हणजे डोंगराच्या हिशेबाने हल्ली, येऊन पडलेत. मोठा धोंडा लहान दगडांवर टेकलेला असेल तर त्याखाली झोपून सिट-स्टार्ट (बुड जमिनीला टेकवून केलेली सुरुवात) करायचा विचारही नको. माथ्यावरच्या पापुद्र्यांवर हाताने टकटक करून पाहायचं. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर तो होल्ड नाही. काही मोठ्या धोंड्यांच्या पोटाला गद्दी मेंढपाळांनी दगड रचून आडोसे केलेले असतात. त्या भिंती पॅडला जागा हवी म्हणून पाडू नका. त्यांचं ते रात्रीचं घर आहे. मंत्र कोरलेल्या किंवा पताका बांधलेल्या दगडावर अर्थातच चढायचं नाही. हंपीतही मंदिर-मंडपांच्या दगडांबाबत हेच पाळावं लागतं, तुमच्या मित्राला ते ठाऊक असेल.

दिवसाची आखणी उन्हाच्या मागे न लागता सावलीच्या मागे करा. ऊन तिथे इतकं तीव्र असतं की दगड तापतो, बोटं घामेजतात आणि पकड जाते. सकाळी धोंड्याची कोणती बाजू सावलीत आहे आणि दुपारी कोणती, हे पहिल्या दिवशीच फिरून नोंदवून ठेवा. पोचलात त्या दिवशी तेवढंच काम करायचं, शूज पिशवीतच राहू द्या. दुपारनंतर खोऱ्यात वारा सुटतो आणि जॅकेटशिवाय बसवत नाही. रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो. स्लीपिंग बॅग चांगली हवी. ढाब्यातल्या रजया ऊबदार असतात, पण जागा मिळेलच याचा भरवसा नाही.

पॅडचं उत्तर सोपं आहे: गोव्याहून नेऊ नका. मोठा पॅड दुमडला तरी त्याचा आकार कपाटाच्या दारासारखा राहतो. विमानात वजनापेक्षा आकाराचे पैसे लागतात, आणि रेल्वेत झोपायच्या वेळी त्याला कुठे ठेवावं हे कुणालाच कळत नाही. मनालीत भाड्याने मिळतात. सप्टेंबरात मागणी असते, म्हणून निघण्याआधी फोन करून आकडा पक्का करा. तिघांना तीन पॅड, त्यातले दोन तरी मोठे. घेताना वरची बाजू नखाने दाबून बघा. चांगल्या पॅडला वर कडक फोमचा पातळ थर असतो आणि खाली जाड मऊ फोम. वरचा थर पडण्याचा जोर पसरवतो, खालचा तो गिळतो. मग पॅड जमिनीवर टाकून त्यावर गुडघ्याने जोरात बसा. जमीन लागली तर तो पॅड परत करा, कितीही स्वस्त असला तरी. आतला फोम पुष्कळ वापराने मेलेला असतो आणि वरून तो मेलेला दिसत नाही. पट्टे आणि बकल ओढून बघा, कारण तो पाठीवर घेऊन दगडधोंड्यांतून चालायचं आहे.

म्हापशाच्या किंवा मडगावच्या गादीवाल्याकडून पॅड शिवून घेऊ का, असंही कोणी विचारतं. घरच्या सरावासाठी घ्या, पैसे वाचतात. पण फोमची घनता नीट सांगता आली पाहिजे, नाहीतर तो तुम्हाला छान झोप लागेल अशी गादी शिवून देतो.

आता गोव्यातली तयारी. आपल्याकडचा जांभा दगड बोल्डरिंगचा नाही. तो ठिसूळ असतो, पावसात आणखीच, आणि सड्यांच्या कडांवर हात कापतात ते वेगळंच. काणकोणकडे किनाऱ्याला ग्रॅनाइटचे गोलसर धोंडे आहेत, हिवाळ्याच्या सकाळी भरती-ओहोटी बघून तिथे पाय जमवायला हरकत नाही. पावसाळ्यात मात्र किनाऱ्याच्या कातळावर अजिबात जाऊ नका. शेवाळ आणि लाट या दोघांपुढे कोणाचं तंत्र चालत नाही. जून ते ऑगस्ट घरातच. पडवीत किंवा गॅरेजमध्ये लाकडी फळी तिरकी लावून त्यावर होल्ड बसवले की पुष्कळ होतं. नवख्या दोघांनी बोटांच्या टोकांवर लटकण्याचा व्यायाम या तीन महिन्यांत करू नये. स्नायू महिन्या-दोन महिन्यांत तयार होतात, पण बोटांचे स्नायुबंध आणि त्यांना हाडाशी धरून ठेवणारे पट्टे फार सावकाश बळकट होतात. ते तुटले की टक्कन आवाज येतो आणि मोसम संपतो. त्यांनी पायांवर काम करावं: फळीवर पाय न वाजवता ठेवणं, एका पायावर उठणं-बसणं. आणि चंद्रनाथ पर्वताच्या पायऱ्या पाठीवर दहा किलो घेऊन चढाव्यात, उंचीवर ते कामाला येतं.

कातडीचं वेगळं सांगायला हवं, कारण गोव्यातल्या माणसाची सहल बहुतेक वेळा इथेच आटोपते. आपली हवा दमट, बोटांची कातडी मऊ आणि फुगलेली. छत्रूची हवा कोरडी आणि दगड कानशीसारखा. मऊ कातडी पहिल्या दिवशी सोलते, आणि मग कोरड्या हवेत तिला भेगा पडतात. निघण्याआधी महिनाभर भांडी घासायचं काम टाळा, हे बायकोला किंवा आईला कसं पटवायचं ते तुमचं तुम्ही बघा. तिथे रोज संध्याकाळी हात धुवून, बोटांच्या टोकांवर वर आलेली कातडीची कड बारीक कानशीने सपाट करायची. ती कड दुसऱ्या दिवशी दगडात अडकली की मोठा तुकडा घेऊनच सुटते. मग मलम लावून झोपायचं. भेग पडली तर टेप. रक्त आलं तर त्या दिवसाचं काम संपलं, चहा घेत मित्राला स्पॉट करा. दोन दिवस चढाई आणि एक दिवस विश्रांती हा क्रम मोडू नका. तिसऱ्या दिवशी अंगात जोर असतो, पण बोटांत कातडी नसते.

मदत. छत्रूत मोबाईलच्या नेटवर्कवर भिस्त ठेवू नका. यावर उपाय म्हणून कोणी मित्र परदेशातून सॅटेलाइट मेसेंजर आणून देतो म्हणेल, तर नको म्हणा. परवान्याशिवाय अशी उपकरणं बाळगणं भारतात गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्याच दाबोळी विमानतळावर एका परदेशी महिला धावपटूला तेवढ्यासाठी ताब्यात घेतलं होतं. त्यापेक्षा जुना उपाय करा. मनालीतल्या होमस्टेवाल्याला आणि फोंड्यात घरी, दोन्हीकडे लिहून द्या की अमुक तारखेच्या रात्रीपर्यंत आमचा फोन आला नाही तर चौकशी सुरू करा. ढाबेवाल्याशी पहिल्याच दिवशी बोलून ठेवा की रात्री-बेरात्री गाडी लागली तर कोणाची मिळेल. हॉस्पिटल एक केलाँगला, नाहीतर बोगद्यातून मनालीला. दोन्हीकडे जायला आधी तो खराब रस्ताच पार करावा लागतो. बोल्डरिंगमध्ये बहुतेक दुखापती घोटा आणि मनगटाच्या. क्रेप बँडेज, बोटांचा आणि घोट्याचा स्प्लिंट, टेप, ओआरएस, पॅरासिटामॉल आणि डॉक्टरने दिलेलं जे असेल ते, एवढं बॅगेत वरच ठेवा. प्रवासाचा विमा काढत असाल तर ‘क्लायंबिंग’ त्यात धरलंय की वगळलंय ते बारीक अक्षरांत वाचा. बऱ्याच पॉलिसींमध्ये वगळलेलं असतं.

रोख पैसे मनालीतच काढा. खाणं ढाब्यावर राजमा-भात, डाळ, आम्लेट, मॅगी. चार दिवस तेच खाऊन कंटाळा येतो, म्हणून चवथीच्या उरलेल्या नेवऱ्या (करंज्या) डब्यात घालून न्या. त्या टिकतात, आणि दोन प्रयत्नांच्या मध्ये एनर्जी बारपेक्षा कितीतरी बऱ्या लागतात. कचरा मात्र सगळा परत मनालीला, नेवऱ्यांच्या डब्यासकट. दगडावर खडूने ओढलेल्या खुणा निघण्याआधी ब्रशने पुसून टाकायच्या.

आता दोन दिवस जास्त मिळालेच नाहीत तर. मग छत्रू सोडा आणि पाचही दिवस सेथनला राहा. उंची कमी म्हणून अंग लवकर रुळतं, खाली मनाली जवळ म्हणून पॅड, डॉक्टर, फोन सगळं हाताशी, आणि दोघा नवख्यांना शिकायला वेळ. फक्त ते पीर पंजालच्या अलीकडे आहे, तेव्हा चवथ ऑगस्टमध्ये आली असेल तर पाऊस गाठण्याची तयारी ठेवा. मग डिसेंबरात तिघांनी मिळून हंपी करा. वास्कोहून मडगावमार्गे जाणारी अमरावती एक्सप्रेस थेट हंपीजवळच्या होस्पेटला सोडते, मात्र ती रोज नसते. दोन-तीन आठवडाअखेर तिथल्या ग्रॅनाइटवर बोटं झिजली की पुढच्या वर्षीच्या छत्रूसाठी आतापेक्षा दुप्पट तयार असाल. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधीच उघडतं. चवथीच्या आसपास कोकणातल्या गाड्यांना उभं राहायला जागा नसते, म्हणून रेल्वेने जाणार असाल तर साठाव्या दिवशी सकाळी आठला मोबाईल हातात घेऊन बसा.